वीस वर्षांची व्याधी आणि दोन वर्षांची नेमणूक

स्मृतिभ्रंशावर नवे औषध निघाल्याची वार्ता वर्षा-दोन वर्षांनी वर्तमानपत्रांत झळकते. ज्या घरात वडील पोटच्या मुलाला ‘आपण कोण?’ असे विचारू लागले आहेत, त्या घरात ते कात्रण जपून ठेवले जाते, पुढच्या भेटीत डॉक्टरांना दाखविले जाते, आणि ‘अजून वेळ आहे’ एवढेच उत्तर मिळाल्यावर मुकाट्याने परत खिशात जाते. अशा वार्तांनी आशा पालवावी हे स्वाभाविकच आहे. परंतु ज्या शोधांच्या पायावर ही औषधे उभी राहतात ते शोध प्रत्यक्षात कोणाच्या हातून लागतात, त्या हातांना काम करण्यासाठी किती मुदत मिळते, आणि त्या मुदतीचा या व्याधीच्या गतीशी काही मेळ बसतो की नाही, याची विचारपूस आपल्याकडे फारशी होत नाही. आणि औषधाला इतका विलंब का लागतो, या कोड्याची उकल बऱ्याच अंशी तेथेच आहे.

हे हात बहुतांशी ‘पोस्टडॉक’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संशोधकांचे असतात. पीएच.डी.ची पदवी पदरात पडलेली, पण कायम नोकरीचा हुकूम हाती न आलेला. वय तिशीच्या अलीकडे-पलीकडे. विषयाची जाण अध्यापकाच्या तोडीची, पण दफ्तरातील नोंद मात्र हंगामी, असा हा वर्ग आहे. प्रयोगशाळेचे प्रमुख अनुदानाचे अर्ज, समित्या आणि व्याख्याने यांत गुंतलेले असतात. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसलेली, पेशींना वेळच्या वेळी पोषण देणारी आणि फसलेला प्रयोग पुनःपुन्हा मांडणारी व्यक्ती बहुधा पोस्टडॉकच असते. तिची नेमणूक आपल्याकडे साधारणतः दोन वर्षांची. व्याधी मात्र अशी की, तिची पहिली लक्षणे घरच्यांच्या ध्यानी येण्यापूर्वी पंधरा-वीस वर्षे मेंदूत तिचा अंमल सुरू झालेला असतो. वीस वर्षांच्या व्याधीचा छडा दोन-दोन वर्षांच्या नेमणुकांनी लावू पाहण्याचा जो शिरस्ता आपण पाडला आहे, तो मोडल्यावाचून गत्यंतर नाही, एवढेच प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

या शास्त्राच्या आरंभकथेतही मुदतीचा हा प्रश्न दडलेला आहे. १९०१ च्या नोव्हेंबरात फ्रँकफुर्टच्या मनोरुग्णालयात ऑगुस्टे डेटर नावाची ५१ वर्षांची स्त्री दाखल झाली. तिची तपासणी करणाऱ्या डॉक्टर अलॉइस अल्झायमर यांनी प्रश्नोत्तरांची जी टिपणे लिहून ठेवली, ती वाचताना आजही मन विषण्ण होते: नाव विचारले तर ती ऑगुस्टे म्हणे, आडनाव विचारले तरी ऑगुस्टे, आणि पतीचे नाव विचारले तरी पुन्हा ऑगुस्टेच, ताटात मांस आणि फुलकोबी असताना काय खाता आहात असे विचारले, तेव्हा तिने पालक असे उत्तर दिले. अल्झायमर पुढे म्युनिकला एमिल क्रेपेलिन यांच्या रुग्णालयात गेले, पण या स्त्रीची खबर ते घेत राहिले. १९०६ च्या एप्रिलमध्ये ती निवर्तली तेव्हा तिचा मेंदू आणि कागदपत्रे त्यांनी म्युनिकला मागवून घेतली, आणि चांदीच्या क्षारांनी रंगविलेल्या पातळ छेदांत त्यांना पेशींच्या बाहेर साचलेले थर आणि पेशींच्या आत पीळ पडलेल्या तंतूंची गुंतवळ दिसली. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात ट्यूबिंगेनच्या सभेत त्यांनी हे सारे निवेदन केले, तेव्हा जमलेल्या मनोवैद्यांपैकी एकालाही त्यावर काही विचारावेसे वाटले नाही. चार वर्षांनी क्रेपेलिन यांनी आपल्या पाठ्यग्रंथात या रोगाला अल्झायमर यांचे नाव दिले.

ही हकिकत पुष्कळांना ठाऊक असते. तिच्यामागचा जमाखर्च मात्र क्वचितच सांगितला जातो. म्युनिकमध्ये अल्झायमर यांनी काही वर्षे बिनपगारी काम केले, आणि ते त्यांना परवडले याचे कारण असे की, त्यांची दिवंगत पत्नी सेसिली ही मूळची एका धनाढ्य हिरेव्यापाऱ्याची विधवा होती. तिच्या संपत्तीमुळे उदरनिर्वाहाची विवंचना त्यांना उरली नव्हती. एका रुग्णाचा पाच वर्षे पाठपुरावा करण्याची मोकळीक त्यांना कोणा समितीकडून मागावी लागली नाही. त्यांच्या प्रयोगशाळेत देशोदेशीचे तरुण डॉक्टर येऊन राहत. त्यांपैकी फ्रेडरिक लेवी यांनी १९१२ मध्ये ज्या पेशींतर्गत गोळ्यांचे वर्णन केले, त्यांच्या नावाने आज स्मृतिभ्रंशाचा एक स्वतंत्र प्रकार ओळखला जातो. आणि स्पेनहून आलेल्या निकोलास आचुकारो यांचे माद्रिदमधील शिष्य पिओ देल रिओ-ओर्तेगा यांनी १९१९ मध्ये ‘मायक्रोग्लिया’ या मेंदूतील रक्षक-पेशींचे स्वतंत्र अस्तित्व सिद्ध केले. आजच्या पोस्टडॉकचे पूर्वज ते हेच. त्या काळी विज्ञानाला लागणारा अवकाश घरच्या श्रीमंतीतून निघत असे. आज तो सार्वजनिक तिजोरीतून निघतो, आणि म्हणूनच तो किती असावा हा प्रश्न आता केवळ शास्त्रज्ञांचा राहिलेला नाही.

पेशीत नेमके काय बिघडते, हे थोडे खोलात जाऊन पाहिले म्हणजे मुदतीचे महत्त्व आपोआप पटते. मानवी मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी असतात. प्रत्येकीच्या मुख्य देहापासून एक लांबलचक तंतू निघतो, आणि त्याच्या टोकापर्यंत प्रथिने, ऊर्जा निर्माण करणारी मायटोकॉन्ड्रिया आणि इतर सामग्री अतिसूक्ष्म नलिकांच्या आधाराने अहोरात्र वाहून न्यावी लागते. या नलिकांना दृढता देणारे ‘टाऊ’ नावाचे एक प्रथिन आहे. कोकणात ओढ्यावर साकव घालताना वासे एकमेकांशी सुंभाने आवळतात, तसेच काहीसे काम हे टाऊ करते. रोगाच्या अवस्थेत त्याच्यावर फॉस्फेटचे कण अतोनात चढतात, त्याची पकड सुटते, साकव खिळखिळा होतो, आणि सुटलेला सुंभ एकमेकांत गुंतून वाटही अडवून बसतो. अल्झायमर यांनी पाहिलेली गुंतवळ ती हीच. पेशींच्या बाहेर साचलेले थर निराळ्या प्रथिनाचे. पेशीच्या पटलात असलेल्या एका मोठ्या प्रथिनाचे तुकडे होतात, आणि त्यांपैकी ‘अमायलॉइड-बीटा’ नावाचा तुकडा साचत जातो. तो १९८४ मध्ये जॉर्ज ग्लेनर आणि केन वाँग यांनी अलग करून दाखविला. त्याच्या मूळ प्रथिनाचे जनुक २१ व्या गुणसूत्रावर असल्याचे १९८७ मध्ये कळले. आणि १९९१ मध्ये लंडनच्या संशोधकांनी एका पीडित ब्रिटिश कुटुंबात त्या जनुकातील बिघाड शोधून काढला. २०१३ मध्ये मायक्रोग्लियातील ‘ट्रेम-टू’ या जनुकातील एका दुर्मीळ भेदामुळे रोगाचा धोका बराच वाढतो असे दिसले, आणि रिओ-ओर्तेगांच्या त्या रक्षक-पेशी पुन्हा चर्चेच्या केंद्रस्थानी आल्या. कारण उंदरांवरील प्रयोगांत त्याच पेशी चेतापेशींमधील निरोगी जोडण्याही गिळंकृत करताना आढळल्या आहेत.

तेव्हा आरोपी पुष्कळ आहेत. त्यांतला पहिला कोण आणि नंतर सामील झालेला कोण, हा खरा वाद आहे. अमायलॉइड आधी आणि त्याच्या पाठोपाठ टाऊ, असा क्रम मांडणारा सिद्धान्त १९९२ पासून या क्षेत्रावर सत्ता गाजवीत आला आहे. परंतु रुग्णाची बुद्धी किती खालावली आहे याचा अदमास अमायलॉइडच्या थरांपेक्षा टाऊच्या गुंतवळीवरून आणि तुटलेल्या जोडण्यांवरून अधिक चांगला येतो, हेही तितकेच खरे. क्रमाचा निकाल लावायचा तर घटना घडत असताना पाहाव्या लागतात, आणि घटना घडायला दशके लागतात. मृत्यूनंतर उघडलेला मेंदू हा लढाई संपल्यावरचे रणांगण असतो; तेथे पडलेले दिसतात, पण पहिला वार कोणी केला ते कळत नाही. उंदरांचा आश्रय घ्यावा, तर साध्या उंदराला हा रोग होतच नाही. त्याच्यात मानवी जनुके घालून रोगाची नक्कल उठवावी लागते, आणि उंदराचे आयुष्य अवघे दोन-तीन वर्षांचे.

यावर एक तोड क्योटोहून आली. शिन्या यामानाका आणि त्यांचे तरुण सहकारी काझुतोशी ताकाहाशी यांनी २००६ मध्ये उंदराच्या आणि पुढच्याच वर्षी मानवाच्या त्वचेच्या पेशींना मूलपेशींच्या अवस्थेत परत नेऊन दाखविले. तेव्हापासून रुग्णाच्या त्वचेचा कण घेऊन त्याच्याच जनुकांच्या चेतापेशी बशीत वाढविणे शक्य झाले आहे. हे काम जवळून पाहिले म्हणजे पोस्टडॉकचा दिवस कसा जातो ते समजते. ३७ अंशांच्या उबदार पेटीत ठेवलेल्या बश्यांतील पेशींना दर एक-दोन दिवसांनी जुने पोषणद्रव काढून नवे द्यावे लागते. लॅबच्या भाषेत त्याला ‘मीडिया बदलणे’ म्हणतात. ते गुलाबी असते. पेशींनी आम्ल सोडले की पिवळसर पडते, आणि सकाळी पेटी उघडताच सगळीच बशी पिवळी आणि गढूळ दिसली, तर जंतूंचा शिरकाव झाला आहे, हे सांगायला सूक्ष्मदर्शक लागत नाही. मूलपेशींपासून पक्व चेतापेशी तयार व्हायला दोन-तीन महिने लागतात. त्या अवधीत रविवार नाही आणि दिवाळीची सुट्टी नाही, कारण पेशी पंचांग पाहत नाहीत. दहाव्या आठवड्यात बुरशी लागली तर बशी फेकून पहिल्या दिवसापासून पुन्हा आरंभ. इतके करून हाती आलेल्या चेतापेशींत आणखी एक गोम असते: मूलपेशींच्या अवस्थेत मागे नेताना पेशीवरचे वार्धक्याचे ठसे पुसले जातात, त्यामुळे ऐंशी वर्षांच्या रुग्णापासून घेतलेली पेशीही बशीत अर्भकासारखी कोवळी असते. वार्धक्याचा रोग कोवळ्या पेशीत पाहायचा, ही अडचण. ती टाळण्यासाठी त्वचेच्या पेशीचे थेट चेतापेशीत रूपांतर करण्याच्या पद्धती निघाल्या, पण त्याही वेळखाऊ आणि लहरी.

आता या कामाला दोन वर्षांच्या नेमणुकीचे माप लावून पाहा. पहिले सहा-आठ महिने रसायने मागविणे, पेशी मिळविणे, नैतिक समितीची मंजुरी घेणे आणि हात बसविणे यांत जातात; शेवटचे सहा महिने पुढच्या नेमणुकीचे अर्ज लिहिण्यात जातात; मधल्या वर्षभरात पेशींच्या चार-पाच पिढ्या वाढवून जे हाती लागेल त्यावर निबंध उभा करायचा. अशा स्थितीत शहाणा माणूस काय करील? ज्या प्रश्नाचे उत्तर वर्षभरात मिळेल तोच प्रश्न तो निवडील. आणि दुसऱ्याने केलेला प्रयोग पुन्हा करून त्याची खातरजमा करण्याच्या वाटेला तो जाणार नाही, कारण त्या कामाला कोणाच्याही नेमणुकीत जागा नसते. ‘नेचर’ या नियतकालिकात २००६ मध्ये प्रसिद्ध झालेला, अमायलॉइडच्या एका विशिष्ट रूपाला स्मृतिनाशाचे कारण ठरविणारा आणि हजारो वेळा उद्धृत झालेला निबंध, त्यातील चित्रांत फेरफार आढळल्यामुळे २०२४ मध्ये मागे घेण्यात आला. दोष कोणाचा होता याची चर्चा येथे कर्तव्य नाही. परंतु एका मोठ्या दाव्याचा शेवटचा निकाल लागायला अठरा वर्षे जावी लागली, यावरून पडताळणीचे काम या व्यवस्थेत किती पोरके आहे ते दिसते.

याच्या उलट उदाहरण पाहायचे असेल तर केंब्रिजच्या मॉलिक्युलर बायॉलॉजी प्रयोगशाळेकडे पाहावे. ती गुंतवळ टाऊची बनलेली आहे हे दाखविणाऱ्या १९८८ च्या निबंधांत मिशेल गोडेर्ट यांचे नाव आहे, आणि ७४ वर्षांच्या एका मृत रुग्ण स्त्रीच्या मेंदूतून काढलेल्या टाऊच्या तंतूंची रचना अतिशीत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने जवळजवळ अणूअणूपर्यंत उलगडून दाखविणाऱ्या २०१७ च्या निबंधातही त्यांचेच नाव आहे. मधली २९ वर्षे ते त्याच संस्थेत, त्याच प्रथिनापाशी बसून होते. कोलंबियातील मेडेयिनचे डॉक्टर फ्रान्सिस्को लोपेरा यांचे उदाहरण त्याहून हृद्य आहे. आंतिओकिया प्रांतातील एका विस्तीर्ण कुळात चाळिशीतच स्मृतिभ्रंश येतो हे ध्यानी आल्यावर १९८० च्या दशकापासून त्यांनी त्या कुळाचा पाठपुरावा केला, आणि त्या चिकाटीतूनच २०१९ मध्ये अशी एक स्त्री जगापुढे आली की, जिच्यात रोगाचे जनुक होते, जिच्या मेंदूत अमायलॉइड भरपूर साचले होते, पण टाऊ फारसे पसरले नव्हते आणि सत्तरीपर्यंत जिची स्मृती शाबूत राहिली. ‘एपीओई’ जनुकातील एका दुर्मीळ भेदाने तिला तारले असावे, असा तर्क आहे, आणि त्या भेदाची नक्कल करणारे औषध शोधण्याचे प्रयत्न आता चालू आहेत. दोन वर्षांच्या फेलोशिपवर ही स्त्री कोणाला कधीच सापडली नसती.

खुद्द औषधांचीही कथा हेच सांगते. २०२३ मध्ये अमेरिकेत पूर्ण मान्यता मिळालेल्या लेकॅनेमॅब या औषधाचे मूळ, उत्तर स्वीडनमधील एका कुटुंबात सापडलेल्या आणि उप्सालाच्या लार्स लान्फेल्ट यांच्या गटाने २००१ मध्ये वर्णिलेल्या जनुकीय बिघाडात आहे. म्हणजे शोधापासून औषधापर्यंत बावीस वर्षे. आणि इतक्या सायासांनंतर पदरात काय पडले? १,७९५ रुग्णांच्या चाचणीत अठरा महिन्यांअखेर, अठरा गुणांच्या मापनश्रेणीवर ०.४५ गुणाचा फरक. तोही रोगाच्या आरंभीच्या अवस्थेत, आणि मेंदूला सूज किंवा सूक्ष्म रक्तस्राव होण्याचा धोका पत्करून. हा फरक खरा आहे, पण तोकडा आहे; आणि अमायलॉइड हटविल्यावरही रोग पुढे का सरकतो, याचे उत्तर अखेर पेशीतच शोधावे लागणार आहे.

यावर एक आक्षेप रास्तपणे घेतला जाईल. आपल्या देशात साठीपुढील लोकसंख्येत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसे, असे देशव्यापी पाहणीचे अनुमान आहे. त्यांत स्त्रिया अधिक आणि खेड्यांतील लोक अधिक. त्यांची शुश्रूषा घरच्या सुनालेकींच्या अंगावर पडलेली असताना, पैसा बशीतल्या पेशींवर का खर्चावा? शिवाय ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये सांगितले आहे की, रक्तदाब, मधुमेह, बहिरेपणा, शिक्षणाचा अभाव, हवेचे प्रदूषण अशी चौदा कारणे आटोक्यात आणली तर जगातील सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टाळता किंवा लांबविता येईल. आणि शुश्रूषेचे म्हणाल तर, घरोघर जाऊन काळजीवाहकांना आधार देणाऱ्या प्रशिक्षित कार्यकर्त्यांमुळे त्यांच्या मनावरचा ताण हलका होतो, हे गोव्यात झालेल्या आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवून दिले आहे. हे सर्व मला मान्य आहे, आणि तरतुदीत पहिला मान शुश्रूषेचा असावा हेही मान्य आहे. परंतु त्या ४५ टक्क्यांच्या पलीकडे ५५ उरतातच. आणि मधुमेह किंवा प्रदूषण चेतापेशीपर्यंत कोणत्या मार्गाने पोचते, हा प्रश्नही शेवटी पेशीचाच आहे. एपीओई जनुकाच्या धोकादायक रूपाचा परिणाम सर्व वंशांत सारखा नसतो, हे सिद्ध झालेले असताना, युरोपीय रक्ताच्या माणसांवरून काढलेले निष्कर्ष आपण मुकाट्याने आयात करीत राहावे, हे शहाणपणाचे नाही.

आपल्याकडे आरंभ झालेला नाही असेही नाही. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेत १९९५ पासून मानवी मेंदूंची पेढी आहे. त्याच शहरातील भारतीय विज्ञान संस्थेतील मेंदू संशोधन केंद्र उद्योगपती क्रिस गोपालकृष्णन यांच्या न्यासाने दिलेल्या २२५ कोटींच्या देणगीवर उभे राहिले, आणि त्या केंद्राने कोलार जिल्ह्यातील श्रीनिवासपूर तालुक्यात दहा हजार ग्रामस्थांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा करण्याचा संकल्प सोडला आहे. मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, अवघ्या ३०२ चेतापेशी असलेल्या, मिलिमीटरभर लांबीच्या पारदर्शक कृमीत तंतूंमधील मालवाहतूक जिवंतपणी पाहिली जाते. साकव कसा ढासळतो हे कळण्यासाठी तो धड असताना कसा चालतो हे आधी कळावे लागते. संस्था आहेत, साधने आहेत, बुद्धी तर आहेच. उणीव आहे ती टिकाऊ नेमणुकांची. देशातील राष्ट्रीय पोस्टडॉक्टरल फेलोशिपची मुदत दोन वर्षे आणि अर्जदाराच्या वयाची सर्वसाधारण मर्यादा ३५. फेलोशिपचे पैसे महिनोन्महिने थकतात ही संशोधकांची तक्रार तर इतकी जुनी झाली आहे की, दिरंगाई हाच नियम आणि वेळेवर मिळणे हा अपवाद असे ते हसत सांगतात. ज्या वयात घर उभे राहायचे, मूल व्हायचे, त्याच वयात दर दोन वर्षांनी बिऱ्हाड हलवावे लागले, तर त्यातून सर्वांत आधी गळतात त्या स्त्रिया. उरलेल्यांतले पुष्कळसे परदेशी जातात किंवा औषध कंपन्यांत शिरतात, आणि पेशी वाढविण्याचे अंगवळणी पडलेले कसब प्रयोगशाळेच्या दारातून बाहेर जाते.

करावयाचे काय? पहिले म्हणजे, मेंदूच्या दीर्घकालीन रोगांवर काम करणाऱ्यांची नेमणूक किमान पाच वर्षांची असावी. केंद्र सरकारचा जैवतंत्रज्ञान विभाग (डीबीटी) आणि वेलकम ट्रस्ट यांच्या इंडिया अलायन्सने आपल्या आरंभीच्या फेलोशिप पाच वर्षांच्या ठेवून हे आपल्या देशातही जमते हे दाखविले आहे. दुसरे, प्राध्यापकपदाच्या शर्यतीत न उतरता आयुष्यभर पेशींपाशीच बसू इच्छिणाऱ्यांसाठी कायम शास्त्रज्ञांची पदे निर्माण व्हावीत, आणि इतरांच्या प्रयोगांची पडताळणी हे त्यांच्या कर्तव्यांत लेखी नमूद असावे. तिसरे, महाराष्ट्रातल्या एखाद्या मोठ्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या आश्रयाने मेंदूंची पेढी उघडावी. नेत्रदान आणि देहदान आपल्याकडे रुजले आहे; स्मृतिभ्रंशाने गेलेल्या व्यक्तीचा मेंदू मृत्यूनंतर काही तासांत संशोधनाला देणे हे त्याच परंपरेचे पुढचे पाऊल ठरेल, आणि कुटुंबांना कोणी रीतसर विचारले तर पुष्कळ कुटुंबे नकार देणार नाहीत, असा माझा विश्वास आहे.

पैशाचे कसे, हा प्रश्न शेवटी येतोच. आपला देश संशोधनावर एकूण देशांतर्गत उत्पादनाच्या जेमतेम ०.६४ टक्के खर्च करतो, तेव्हा तिजोरी रिकामी आहे हे उत्तर पटण्याजोगे नाही; आणि ज्या मुंबईने टाटांच्या देणग्यांतून १९४१ मध्ये कर्करोगाचे रुग्णालय आणि १९४५ मध्ये मूलभूत संशोधनाची संस्था उभी केली, त्या मुंबईत दाते नाहीत असेही म्हणवत नाही. हिशोब सरळ आहे. केंद्र सरकारने २०२३ पासून लागू केलेल्या दरांप्रमाणे वरिष्ठ रिसर्च असोसिएटला घरभाडे वगळता दरमहा ६७,००० रुपये मिळतात. पाच वर्षांचे होतात सुमारे ४० लाख. लेकॅनेमॅबची अमेरिकेतील वर्षाची किंमत २६,५०० डॉलर, म्हणजे वीस लाख रुपयांहून अधिक आहे. तेथील एका रुग्णाच्या दोन वर्षांच्या औषधात येथील एका संशोधकाचा पाच वर्षांचा पगार निघतो, आणि अशा शंभर संशोधकांचा पाच वर्षांचा पगार ४० कोटींच्या आसपास जातो. ही रक्कम महाराष्ट्राच्या अंदाजपत्रकाला जड नाही. पुढल्या अधिवेशनात कोणा आमदाराने तिचा ठराव मांडावा, आणि तो फेटाळायचाच असेल तर निदान कारणे सांगून फेटाळला जावा.